संहितेवरून न निघालेला हात

मराठी समीक्षेने निर्मितिप्रक्रियेवर विपुल लिहिले आहे आणि आस्वादप्रक्रियेवर त्याहूनही विपुल. या दोहोंच्या मधोमध असलेली एक घटना मात्र तिने छापखान्याची आणि विक्रीव्यवहाराची बाब समजून जवळजवळ सोडून दिली. ती घटना म्हणजे प्रकाशन. लेखकाचा हात संहितेवरून निघणे आणि ती परक्यांच्या हाती जाणे, एवढाच तिचा अर्थ. हा हात निघतोच, हे इतके गृहीत धरले गेले होते की त्याचे वेगळे तत्त्व सांगण्याची गरज कोणास भासली नाही. तो निघालाच नाही तर वाचकाचे, आणि वाचकाच्या वतीने बोलणाऱ्या समीक्षकाचे, काय होते हा प्रश्न २०१६ साली एका अमेरिकन रॅप कलावंताच्या अल्बमने उपस्थित केला. त्या प्रश्नाला साहित्यसिद्धान्ताची परिभाषा उसनी घेऊन जे उत्साही उत्तर दिले जाते, ते चुकीचे तर आहेच. ज्या सिद्धान्ताचे नाव ते घेते त्याचाच ते घात करते.

कान्ये वेस्ट (२०२१ पासून कायद्याने त्याचे नाव केवळ ‘ये’ असे झाले) याचा ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ हा सातवा स्टुडिओ अल्बम. ‘सो हेल्प मी गॉड’, ‘स्विश’, ‘वेव्ह्ज’ अशी तीन नावे एकामागून एक जाहीर करून आणि मोडीत काढून हे चौथे नाव त्याला मिळाले. जानेवारी २०१६ मध्ये गीतांची हाताने लिहिलेली यादी वेस्टने लोकांसमोर ठेवली. स्टुडिओत येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्या कागदावर सह्या केल्या आणि यादी बदलत राहिली. ११ फेब्रुवारीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, स्वतःच्या वस्त्रप्रावरणांच्या प्रदर्शनाबरोबर, त्याने तो हजारोंच्या समुदायाला लॅपटॉपवरून ऐकविला. तेव्हाही तो पुरा नव्हता. १४ फेब्रुवारीस तो ‘टायडल’ या एकाच सेवेवर आला. वर्गणी भरणाऱ्यांना गाणी ऐकविणारी ही सेवा, आणि वेस्ट तिच्या कलावंत भागीदारांपैकी एक. अल्बम कधीही विक्रीस येणार नाही, अन्यत्र कोठेही मिळणार नाही, असे त्याने जाहीर केले. आणि त्याच सुमारास ‘वुल्व्ह्ज’ हे त्यातील गाणे आपण दुरुस्त करणार असल्याचेही. मार्चमध्ये ते खरोखर बदलले, आणखी काही गाण्यांचे ध्वनिमिश्रणही बदलले. १ एप्रिलला अल्बम इतर सेवांवर आला, विक्रीसही आला. जूनमध्ये ‘सेंट पाब्लो’ हे संपूर्ण गाणे शेवटी जोडण्यात आले. फेब्रुवारीत अठरा असलेली गाणी जूनपर्यंत वीस झाली. या साऱ्या काळात त्याची अधिकृत तबकडी वा सीडी निघालेली नव्हती. प्रत्येक वेळी नवा पाठ जुन्याच्या जागी बसला. शेजारी नव्हे, जागी.

मुखपृष्ठावर ‘व्हिच’ आणि ‘वन’ हे दोन शब्द पुन:पुन्हा छापलेले आहेत. कोणता पाब्लो, असा तो प्रश्न: चित्रकार पिकासो, कोलंबियाचा अमली पदार्थांचा सम्राट एस्कोबार, की ज्याच्या पॉल या नावाचे स्पॅनिश रूप पाब्लो होते तो ख्रिस्ताचा प्रेषित? चार महिन्यांत त्या प्रश्नाला आणखी एक अर्थ आला, जो मुखपृष्ठ करणाऱ्याच्या मनात नसावा. कोणता अल्बम?

हे बदल किरकोळ होते असे म्हणून वाद मिटविता येत नाही. अल्बमची सुरुवात ‘अल्ट्रालाइट बीम’ या गाण्याने होते. ते उघड उघड प्रार्थनागीत आहे: चर्चमधला वृंद, कर्क फ्रँकलिन या गॉस्पेल गायक-संगीतकाराचे प्रार्थनावचन, आणि चान्स द रॅपर या शिकागोच्याच तरुण कलावंताचे एक दीर्घ कडवे. फेब्रुवारीच्या पाठात या प्रार्थनेपासून निघालेला श्रोता प्रसिद्धी, वासना, मैत्रीची झीज, संसारातील संशय अशा वाटेने अखेर ‘फेड’ या गाण्याशी पोचत असे. ‘फेड’ हे शिकागोच्या हाउस संगीतावर बेतलेले नृत्यगीत आहे. त्यात शब्द थोडे आहेत आणि पश्चात्ताप अजिबात नाही. म्हणजे देवळातून निघून नाचघराच्या अंधारात विरणे ही त्या पाठाची आकृती होती. जूनमध्ये ‘सेंट पाब्लो’ शेवटी आले. सहा मिनिटांहून अधिक लांबीचे हे गाणे कर्ज, अहंकार, एकटेपणा यांची कबुली देते आणि सॅम्फा या इंग्रज गायकाच्या कातर आवाजात पुन्हा प्रार्थनेकडे वळते. आकृती उलटली. प्रार्थनेपासून प्रार्थनेपर्यंत असे वर्तुळ पुरे झाले. उधळ्या पुत्र घरी परतला. एका पाठात पतन आहे, दुसऱ्यात परतणे आहे. धर्माशी झगडणाऱ्या कलाकृतीत यापेक्षा मोठा भेद कोणता असू शकतो?

‘वुल्व्ह्ज’चे प्रकरण तर अधिकच बोलके आहे. हे गाणे प्रथम फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांसमोर आले तेव्हा त्यात सिआ या गायिकेचा आणि व्हिक मेन्सा या शिकागोच्या रॅपरचा आवाज होता. वर्षाने अल्बम आला तेव्हा ते दोघे नव्हते. थंड, लांडग्यांच्या कळपासारखा घोंगावणारा ध्वनी, त्यात वेस्टचे जवळजवळ एकट्याचे स्वगत, मेरी आणि जोसेफ आजच्या रात्रीच्या क्लबात भेटले असते तर अशी एक धीट कल्पना, आणि शेवटी फ्रँक ओशनचा अगदी खालच्या पट्टीतला आवाज. त्या आवाजाने गाणे मिटत असे. ज्या कुटुंबाला जग बाहेर ठेवू पाहते त्याच्यावर कोणी पांघरूण घालावे, तसा तो शेवट होता. मार्चच्या दुरुस्तीत सिआ आणि मेन्सा परतले आणि फ्रँक ओशनचा भाग कापून ‘फ्रँक्स ट्रॅक’ या नावाने मिनिटभराहूनही लहान असे स्वतंत्र गाणे करण्यात आले. दुरुस्त ‘वुल्व्ह्ज’ आवाजांनी भरलेले आहे, अधिक सुबकही आहे. पण एकटेपणाचे गाणे गर्दीत उभे केल्यावर त्याचे जे होते ते त्याचे झाले. तोडलेला शेवट आता दोन गाण्यांमधल्या फटीत निराधार पडला आहे. पहिला पाठ श्रेष्ठ होता.

अर्थात हे मत कोणास मान्य न होणे शक्य आहे. मेन्साच्या कडव्याने गाण्याला तोल आला असे कोणी म्हणेल आणि ते म्हणणे विचारार्ह असेल. परंतु हा वाद सोडवायचा कसा? समीक्षेतले मत पुराव्याशिवाय उभे राहत नाही आणि तिचा पुरावा एकच असतो, संहिता. ‘पाहा, येथे असे आहे’ असे बोट दाखविता येणे ही समीक्षेची किमान अट आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ज्यांनी या अल्बमची परीक्षणे लिहिली, त्यांची परीक्षणे आजही वाचता येतात. ज्याचे परीक्षण केले ती वस्तू मात्र ज्या जागी ऐकायला सांगितली होती त्या जागी नाही. त्या शेवटाची स्तुती करणारा परीक्षक आता न्यायालयात खुनाची साक्ष द्यावी आणि प्रेत मिळू नये अशा अवस्थेत आहे. त्याचे खोटे ठरत नाही, खरेही ठरत नाही.

आता पूर्वपक्ष. या अल्बमच्या अपूर्णतेचा गौरव करणारा एक मोठा वर्ग आहे आणि त्याची भूमिका वरवर पाहता आकर्षक आहे. कलाकृती ही संपलेली वस्तू नसून चालू प्रक्रिया आहे. अंतिम पाठ ही छापखान्याने रूढ केलेली अंधश्रद्धा आहे. वेस्टने ती मोडली आणि कृतीला पुन्हा वाहते केले. हीच मुक्त संहिता, हाच लेखकाच्या अधिसत्तेचा अंत. उंबेर्तो एको आणि रोलाँ बार्त यांची नावे येथे हमखास येतात. कधी मौखिक परंपरेचाही दाखला येतो. हे सर्व दाखले तपासून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांतला एकही वेस्टच्या बाजूने साक्ष देत नाही.

एकोने १९६२ मध्ये ‘मुक्त कृती’ची कल्पना मांडली ती मुख्यत्वे समकालीन युरोपीय संगीताच्या आधारे. त्याच्या पहिल्याच उदाहरणांत कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनची अकरावी पियानोरचना आहे. एका मोठ्या कागदावर स्वरलिपीचे सुटे गट लिहिलेले असतात आणि कोणत्या गटानंतर कोणता गट वाजवावयाचा हे वादक ठरवितो. मुक्तता येथे कोणाची आहे? वादकाची. आणि ती शक्य होते कशामुळे? तो कागद बदलत नाही म्हणून. आज एका वादकाने एक क्रम निवडला आणि उद्या दुसऱ्याने दुसरा, तर दोघांना एकमेकांची निवड पारखता येते, कारण दोघांसमोर तीच स्वरलिपी आहे. रचनाकाराने रात्रीतून येऊन कागद बदलून ठेवावा आणि वादकाने सकाळी नवाच कागद वाजवावा, याला एकोने मुक्त कृती म्हटले नसते. ‘पाब्लो’च्या श्रोत्याने काहीही निवडलेले नाही. त्याला जे ऐकविले ते त्याने ऐकले, आणि ते काढून घेतले तेव्हा त्याला विचारले गेले नाही.

बार्तची साक्ष काढणे तर निव्वळ अनवधान आहे. १९६७ च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधातील प्रतिपादन असे की, लेखनाचे ऐक्य त्याच्या उगमात नसून त्याच्या गंतव्यस्थानी, म्हणजे वाचकात असते. वाचकाच्या जन्मासाठी लेखकाला मरावे लागते. मराठीत या निबंधाचे इतके अवतरण झाले आहे की त्याची धार बोथट झाली, तरी त्यातला मुख्य मुद्दा साधा आहे: लिहून झाल्यावर लेखकाला विशेषाधिकार नाही. वेस्टने नेमका हाच विशेषाधिकार प्रकाशनानंतरही चालू ठेवला. छापील पुस्तकाचा लेखक फार तर मुलाखतीत सांगू शकत असे की ‘मला असे म्हणायचे नव्हते’. वाचकाने ते मानावे किंवा हसून सोडून द्यावे. येथे लेखकाचे असमाधान थेट वाचकाच्या प्रतीवर अंमल करते. इतका जिवंत, इतका सर्वव्यापी लेखक ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. त्याच्या दारात बार्तच्या निबंधाची फुले वाहणे हा विनोद आहे.

मौखिक आणि हस्तलिखित परंपरेचा दाखला अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो, आणि मराठी वाचकाला तो परका नाही. पॉल झ्युमथोरने १९७२ मध्ये मध्ययुगीन फ्रेंच काव्याच्या संदर्भात संहितेच्या चंचलतेची संकल्पना मांडली. प्रत्येक गायक, प्रत्येक लेखनिक काही बदलतो, आणि त्या सर्व रूपांची बेरीज म्हणजे ती कृती. बेर्नार सेर्किलिनीने १९८९ मध्ये पाठभेदाची प्रशस्ती लिहिली ती याच धारणेतून. हे खरेच आहे. परंतु पाठभेद ही बहुवचनी वस्तू आहे. एक पोथी पैठणला, दुसरी तंजावरला, तिसरी एखाद्या मठाच्या अडगळीत. कोणतीही एक दुसरीला पुसू शकत नाही, म्हणूनच भेद दिसतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे तीत स्वतःची ओवी घालणाऱ्यास अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा ठरविले. संतश्रेष्ठाचा असा निर्वाणीचा शब्द असूनही जुन्या पोथ्या आपोआप कोऱ्या झाल्या नाहीत. त्यामुळेच राजवाड्यांना १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापता आली आणि तिच्या खरेखोटेपणावर विद्वानांना दीर्घकाळ भांडता आले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि नाकारलेला प्रत्येक पाठ खाली टीपेत व परिशिष्टांत ठेवला. निर्णय चुकला असे वाटणाऱ्यास त्याच पानावर पुरावा मिळावा, ही त्यामागची सचोटी. ज्याला वाहती संहिता म्हणावे ती ही. जिच्यात एकच हात लिहितो, तोच पुसतो आणि पुसल्याची खूणही ठेवत नाही, ती वाहती नव्हे. तिला पाटी म्हणतात.

शाहिराचा पोवाडाही दर फडात बदलतो, हे कोणी आठवून देईल. बदलतो, पण समोर बसलेल्या मंडळींच्या कानांवर बदलतो, आणि ‘गेल्या साली असं नव्हतं’ असे म्हणणारा एखादा म्हातारा फडात नेहमीच असतो. ‘पाब्लो’च्या बाबतीत ते म्हणणाऱ्याच्या हाती दाखवायला काही उरत नाही.

यावर शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक वाटणारा युक्तिवाद असा की, हे सारे दाखले पुस्तकी आहेत. रॅप ही मुळातच पुनर्मिश्रणाची, उसनवारीची, अस्थिर कला आहे आणि वेस्ट आपल्या परंपरेशी इमान राखून आहे. परंपरेचाच आधार घ्यायचा तर तिच्या उगमापासून घ्यावा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपचा जन्म तेथे मानला जातो. हर्कची युक्ती अशी की, गाण्यातील गायन थांबून केवळ ताल उरतो तो थोडका भाग लांबवायचा. त्यासाठी तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावी, एकीवरचा तो भाग संपता संपता दुसरीवर तोच सुरू करी, तोवर पहिली मागे फिरवी. एकाच गाण्याच्या दोन तंतोतंत सारख्या प्रती! संपूर्ण कला या एका भौतिक तथ्यावर उभी आहे की तबकडीवर कोरलेले बदलत नाही आणि ती विकत घेणाऱ्याची होते. अस्थिरता निर्माण करणारा हात श्रोत्याचा होता. स्थैर्य मूळ कृतीचे होते. पुढे ध्वनिमुद्रणांतील तुकडे उचलून नवी रचना करण्याचे तंत्र आले, तेही याच पायावर. खुद्द ‘पाब्लो’तील ‘फेमस’ हे गाणे पाहावे. सिस्टर नॅन्सी या जमैकन गायिकेने १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘बॅम बॅम’ त्याच्या उत्तरार्धात असे काही उसळून येते की मूळ गाणे न ऐकलेल्यानेही मान डोलवावी. चौतीस वर्षे ते ध्वनिमुद्रण जसे होते तसे राहिले म्हणून वेस्टला ते मिळाले. सिस्टर नॅन्सीला मध्यंतरी ते दुरुस्त करून जुने नाहीसे करता आले असते तर? वेस्टने जे पूर्वसूरींकडून घेतले ते आपल्या उत्तरसूरींना देण्याचे नाकारले. हा परंपरेशी द्रोह आहे, आणि तो परंपरेच्या नावाने केला जातो म्हणून त्याचे वैषम्य अधिक.

कलावंताला पुनर्लेखनाचा अधिकार नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. वॉल्ट व्हिटमनने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ पासून आयुष्याच्या अखेरपर्यंत पुन:पुन्हा लिहिले; बारा कवितांचे ते पातळ पुस्तक चारशेंच्या घरात गेले. परंतु १८५५ ची आवृत्ती ज्याच्या फडताळात होती त्याच्या फडताळातच राहिली, आणि आज अनेक जाणकार तिलाच पसंती देतात. ऑडेनने दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभदिनावरील आपली गाजलेली कविता खोटी ठरवून १९६६ च्या संग्रहातून वगळली. वाचकांनी ती ठेवून घेतली. कवी आणि वाचक यांच्यातील हे भांडण साहित्याच्या प्रकृतीला मानवणारे होते, कारण दोघांच्याही हातात काही होते.

मग ही चाल आली कोठून? उत्तर शोधायला सौंदर्यशास्त्राकडे जाण्याचे कारण नाही. अल्बम सर्वत्र खुला झाला तेव्हा ‘डेफ जॅम’ या त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीने येत्या महिन्यांत नव्या सुधारणा आणि नवी रूपे येत राहतील अशा आशयाचे निवेदन काढले. ही भाषा संगणकप्रणाली विकणाऱ्यांची आहे. प्रणाली दुरुस्त होते कारण ती साधन आहे. जुन्या रूपात कोणी रमू नये हीच तिची उपयुक्तता. कलाकृतीला ही भाषा लावली की ती मालकीची वस्तू न राहता चालू सेवा होते, आणि सेवेसाठी दरमहा वर्गणी भरावी लागते. अन्यत्र कधीच मिळणार नाही या शब्दावर विसंबून अनेकांनी टायडलची वर्गणी भरली होती. एप्रिल २०१६ मध्ये या फसवणुकीबद्दल कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. त्याच महिन्यात अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत अव्वल ठरला, आणि अर्ध्याहून अधिक आकडे विक्रीऐवजी सेवांवरील श्रवणातून मिळवून त्या स्थानी पोचलेला तो पहिला अल्बम होता. प्रक्रियेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी या हिशेबाचीही दखल घ्यायला हरकत नव्हती.

वेस्टची नंतरची वर्तणूक, विशेषतः २०२२ मधील त्याची उघड ज्यूद्वेष्टी वक्तव्ये, पाहता त्याच्यावर टीका करणे आता सोपे झाले आहे. येथील आक्षेप त्या सोपेपणावर उभा नाही. ‘अल्ट्रालाइट बीम’ हे या शतकातील उत्कृष्ट गाण्यांपैकी एक आहे, आणि कृती सामान्य असती तर तिचा पाठ हरवल्याचे दुःखही नसते. एका मनस्वी माणसाचा हा लहरी प्रयोग राहिला असता तर त्याकडे दुर्लक्षही करता आले असते. तसे झाले नाही. वेस्टने स्वतः २०२२ मध्ये ‘डोंडा २’ हा अल्बम दोनशे डॉलरच्या एका वाद्यवजा यंत्रावरच आणला. त्या यंत्रात आवाज, ताल, मंद्रस्वर वेगळे करून श्रोत्याला स्वतःचे मिश्रण करता येत होते. एकोला आवडावी अशी कल्पना, पण दार एकच आणि किल्ली दुकानदाराकडे. वू-टँग क्लॅन या रॅपसमूहाने ‘वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन’ या अल्बमची एकच प्रत काढून २०१५ मध्ये विकली, तो उलट टोकाचा प्रकार. त्यावर उच्चभ्रूपणाची टीका झाली, पण पाठाशी लबाडी त्यात नव्हती. प्रत एकच होती तरी ती प्रत होती.

दुरुस्तीची सवय मात्र पसरली. २०२२ मध्ये बियॉन्सेने ‘रेनेसाँ’ या अल्बमच्या एका गाण्यातील अपंगांना दुखावणारा शब्द बदलला. हेतू चांगला होता, आणि तो शब्द काढलाच पाहिजे होता. तरीही असा शब्द तेथे होता, लोकांनी आक्षेप घेतला आणि कलावंताने तो मानला, हा इतिहास गाण्यात कोठेही उरला नाही. चांगल्या हेतूनेही पुसलेली पाटी पुसलेलीच असते. साहित्यात तर हे आधीच सुरू झाले होते. २००९ मध्ये ‘अॅमेझॉन’ने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून दुरून काढून घेतली. पुस्तकाची निवड नियतीने केली असावी. २०२३ मध्ये रोआल्ड डालच्या बालपुस्तकांतील शब्द इंग्लंडमधील प्रकाशकाने बदलल्याचे उघड झाले. ओरड झाल्यावर जुन्या आवृत्त्याही छापत राहण्याचे त्याने मान्य केले, आणि ते शक्य झाले कारण तुलनेसाठी लोकांच्या घरांत जुनी पुस्तके होती. मराठी पुस्तकेही आता वाचनयंत्रांवर येतात, श्राव्यरूपाने ऐकली जातात. काही कथनात्मक लेखन तर केवळ श्राव्य म्हणूनच सिद्ध होते. त्यातील एखादे प्रकरण उद्या बदलले तर कोणत्या ग्रंथालयात कालचा पाठ मिळेल? प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचे बंधन घालणारा १९५४ चा कायदा छापील पुस्तकासाठी आहे. या प्रश्नावर मराठी साहित्यसंस्थांच्या व्यासपीठांवरून फारसे काही ऐकू आलेले नाही. संमेलनाच्या मंडपाचा खर्च हा बहुधा अधिक तातडीचा विषय असावा.

मागणी काही अवघड नाही. जो पाठ एकदा लोकांसमोर ठेवला तो मागे घेऊ नये. नवा हवा असेल तर तो तारखेसह शेजारी ठेवावा. १४ फेब्रुवारीचा ‘पाब्लो’, मार्चचा ‘पाब्लो’, जूनचा ‘पाब्लो’ असे तिन्ही ऐकता आले असते तर निर्मितिप्रक्रियेच्या अभ्यासाला असा खजिना क्वचित लाभला असता, आणि प्रक्रियेचा गौरव करणाऱ्यांच्या बोलण्याला अर्थही आला असता. तंत्रज्ञानाला यात काडीची अडचण नव्हती. संगणकप्रणाली लिहिणारेसुद्धा आपल्या प्रत्येक रूपाला क्रमांक देतात आणि जुनी रूपे जपून ठेवतात. कलावंताने त्यांची भाषा घेतली, शिस्त घेतली नाही.

आज अधिकृत सेवांवर जो अल्बम मिळतो तो वीस गाण्यांचा आहे. फेब्रुवारीचा पाठ ऐकावयाचा असेल, फ्रँक ओशनच्या आवाजात ‘वुल्व्ह्ज’ मिटताना ऐकावयाचे असेल, तर तो मिळतो चोरीच्या प्रतींत. टायडलची वर्गणी भरण्याचे टाळून ज्यांनी त्या पहिल्या दिवसांत अल्बम बेकायदेशीरपणे उतरवून घेतला, आणि पुढे कंटाळ्याने म्हणा वा आळसाने म्हणा तो पुसला नाही, त्यांच्यापाशी. ‘पाब्लो’ची चिकित्सक आवृत्ती कोणी कधी सिद्ध करावयाची ठरविली, तर संपादकाला आपल्या आधारभूत पोथ्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर त्या प्रती लिहाव्या लागतील.